पेज, चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ

गेल्या आषाढातील गोष्ट. मंडळाच्या बैठकीत भजनाची तालीम संपली होती आणि चहा यावयाचा होता. एवढ्यात आपली एक नवी सभासद, दोन वर्षांपूर्वीच आळीत सून म्हणून आलेली, जरा संकोचाने मला म्हणाली, "मावशी, एक विचारू? बाळाला कालपासून जुलाब होताहेत. सासूबाई म्हणतात, पोट रिकामं ठेव, आपोआप थांबतील. आई फोनवर म्हणते, पेज पाज. शेजारच्या काकू म्हणतात, आधी दूध तोड. मी कुणाचं ऐकू?"

चहा येईपर्यंत तिला आणखी पाच-सहा सल्ले मिळाले. कोणी जायफळ उगाळावयास सांगितले, कोणी डाळिंबाची साल, तर कोणी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावयास. मी तिच्याबरोबर घरी गेले, साखर-मिठाचे पाणी करून दाखविले, अंगावरचे दूध तोडू नकोस म्हणून सांगितले आणि मऊ खिचडी टाकावयास लावली. बाळ दोन दिवसांत खेळू लागले. पण माझ्या मनातून तो प्रश्न जाईना. रोज घराघरांत घडणाऱ्या एवढ्या साध्या दुखण्यावर एकाच खोलीत इतकी मते का असावीत? त्यातच स्मरणिकेच्या संपादक भगिनींचा "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा तगादा चालू होता. लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मी वाटी-चमच्याचा लिहावयाचे ठरविले.

खेड्यातल्या आयांना आजारी मुलाला काय द्यावे हे काहीच कळत नव्हते, असे पुष्कळ वेळा लिहिले जाते. माझे बालपण कोकणातल्या एका खेड्यात गेले. मला ते पटत नाही. पातळ परसाकडे झाले म्हणजे सगळे एकच, असे आमच्या आजीच्या पिढीने कधी मानले नाही. दात येताना होतात ते दातांचे जुलाब, त्यांना औषध करावयाचे नाही. जड खाल्ल्याने होते ती मोडशी. शेंब पडते ती आव. आई उन्हातून येऊन तशीच पाजावयास बसली तर दूध बाधते. आणि एका रात्रीत धडधाकट माणसाची काठी होते ती पटकी. ती आली की औषधाची भाषाच संपली, मग मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडावयाचा. मुलाची टाळू खोल गेली की जाणत्या बायका लगेच सावध व्हावयाच्या. टाळूवर तेल घालून ती वर येत नाही हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण टाळू खोल जाणे ही धोक्याची खूण आहे हे त्यांनी अचूक हेरले होते. दूरच्या मेक्सिको देशातल्या खेड्यांतही ह्याच खुणेला स्वतंत्र रोगाचे नाव आहे, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली.

खाण्याचेही तसेच. कोकणात तांदळाची पेज, देशावर ज्वारीच्या कण्या किंवा आंबील, डोंगरात नाचणी. ताकभात, कुस्करलेले केळे, साबुदाण्याची कांजी. आजचे आहारशास्त्र ह्यातल्या एकाही पदार्थाला नावे ठेवणार नाही. चूक होती ती पदार्थात नव्हे, मापात आणि वेळेत. मुलाला पेज म्हणून मिळावयाचे ते बहुधा पेजेवरचे निवळ, तेही दोन-चार चमचे. आणि जुलाब थांबेपर्यंत बाकी सगळे बंद. आपल्या जुन्या वैद्यकात लंघन सांगितले आहे खरे, पण त्याच्यापाठोपाठ पेया, मग विलेपी, मग यूष असा पायरीपायरीने चढत जाणारा आहारही सांगितला आहे. आमच्या घरांनी त्यातले लंघन तेवढे पक्के लक्षात ठेवले, पुढच्या पायऱ्या मात्र विसरल्या, असे मला वाटते.

शिवाय जुलाबाचे दिवस कोणते? आषाढ-श्रावणाचे. विहिरीला नवे पाणी, कणगीत तळाशी गेलेले धान्य आणि शेतात लावणी. आई पहाटे भाकऱ्या थापून चिखलात उतरली की मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती थोरली म्हणजे सात-आठ वर्षांची. सकाळची पेज ती दुपारी पाजणार, तोवर तिच्यावर माशा बसून गेलेल्या. आजारी मूल एका वेळी दोन घास खाते, म्हणून त्याला दिवसातून सहा-सात वेळा जवळ घेऊन बसावे लागते. हे सांगणे सोपे आहे. लावणीच्या दिवसांत तेवढी सवड कोणत्या आईला होती?

हे मी इतक्या जिव्हाळ्याने का लिहिते, तेही सांगते. १९५८ च्या श्रावणात माझा धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा होता. त्याला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बाटलीत औषध दिले आणि बजावले, "चोवीस तास पोटात काही जाऊ द्यायचे नाही. ओठ तेवढे ओले करा." आईने दिवसभर त्याला अंगावर घेतले नाही. रात्री तो रडू लागला, पण डोळ्यांतून पाणी येईना. आणि आईच्या ओल्या पदराचा शेव तो चोखू लागला. सगळे झोपल्यावर आईने चुलीवरच्या पेजेचे निवळ त्याला चार चमचे पाजले. पहाटे तो गेला. सकाळी आजी सर्वांसमक्ष एवढेच म्हणाली, "डॉक्टर नको म्हणाले होते ना गो?" पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. पण पेजेवर वाढलेल्या आमच्या घरात त्यानंतर पेज शिजली नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते त्या काळच्या पुस्तकांबरहुकूम वागले. प्रश्न आहे तो पुस्तकांत हे आले कोठून, हा.

पटकीने माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने, हे युरोपात पटकी पोहोचली त्याच वेळी, १८३१ साली, विल्यम ओशॉनेसी ह्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून सांगितले होते. (हेच गृहस्थ पुढे कलकत्त्यास आले आणि आपल्या देशात तारायंत्राचे जाळे त्यांनी उभारले.) १८३२ साली स्कॉटलंडमध्ये टॉमस लाटा ह्यांनी मिठाचे पाणी रोग्यांच्या शिरेत सोडून काही मरणोन्मुख माणसे परत आणली. पण तेव्हा जंतूंचे ज्ञान नव्हते, सुई-पाणी निर्जंतुक करण्याची रीत नव्हती. तो उपाय मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी तो पुन्हा हाती घेऊन पटकीचे मृत्यू बरेच उतरविले. तेव्हापासून "सलाइन चढविणे" हा परवलीचा शब्द झाला. मात्र सलाइनला बाटली हवी, सुई हवी, शीर शोधणारा डॉक्टर हवा. खेड्यात ह्यातले काय होते?

तान्ह्या मुलांच्या बाबतीत विचार निराळ्याच वाटेने गेला. बर्लिनचे नामांकित बालरोगतज्ज्ञ हाइनरिख फिंकेलश्टाइन ह्यांनी शतकाच्या सुरुवातीस असे मत मांडले की, आजारी आतड्याला अन्नच बाधते. त्यातली साखर आणि क्षार मुलाच्या अंगात विकार उत्पन्न करतात. म्हणून अन्न तोडावे, आतड्याला विसावा द्यावा आणि मग हळूहळू पुन्हा सुरू करावे. तेथल्या दवाखान्यांत बाटलीच्या, बहुधा नासक्या दुधावर वाढणारी मुले यावयाची. त्यांच्या बाबतीत दूध तोडल्याने काही फायदा दिसलाही असेल. पण तेथला हा नियम पुस्तकांतून सगळ्या जगात गेला आणि अंगावर पिणाऱ्या कोकणातल्या मुलालाही लागू झाला. पुढे जे दोन पदार्थ लाखो मुलांचे प्राण वाचविणार होते, त्याच साखरेवर आणि मिठावर एका काळी संशय होता, ही केवढी विपरीत गोष्ट!

ह्या नियमाला कोणी प्रश्न विचारलाच नाही असे नाही. १९४८ साली बालरोगांच्या एका अमेरिकन नियतकालिकात एक अभ्यास छापला गेला. जुलाबाच्या काही मुलांना उपाशी ठेवले आणि काहींना पहिल्यापासून खाऊ घातले; खाणाऱ्या मुलांचा आजार लांबला नाही, उलट वजन राखले गेले. छापला गेला आणि पुष्कळ वर्षे तसाच पडून राहिला. माझा भाऊ गेला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

आता गाडी कलकत्त्याकडे वळते. तेथे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी ह्यांनी १९५३ साली "लॅन्सेट" ह्या विलायती वैद्यक पत्रात पटकीच्या १८६ रोग्यांची हकीकत दिली. आधी ओकारी थांबविण्याचे औषध, मग मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने, आणि जोडीला पानओव्याच्या पानांचा रस. शिरेत सुई न खुपसता ही माणसे बरी झाली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून मोठ्या विद्वानांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

तोंडाने दिलेले पाणी आतड्यातून नुसते वाहून न जाता अंगी का लागते, ह्याचा उलगडा १९६० साली रॉबर्ट क्रेन ह्यांनी प्राग येथील परिषदेत केला. नुसते मीठ आतड्याच्या भिंतीतून आत जावयास कुरकुरते. पण ग्लुकोज बरोबर असले की दोघे हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीतसुद्धा हे दार उघडेच राहते. १९६८ साली ढाक्याच्या पटकी संशोधन केंद्रात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश ह्या पंचविशीच्या उंबरठ्यापलीकडच्या दोन तरुण डॉक्टरांनी व त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी हे रोग्यांवर सिद्ध केले. जितके जाते तितके तोंडाने भरत राहिले तर सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना आढळले.

तरीही हे दवाखान्यातले, तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे काम होते. ते आयांच्या हाती पडले ते एका संकटामुळे. १९७१ साली पूर्व बंगालातून जवळजवळ एक कोट माणसे भारतात आली. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी उसळली. डॉ. दिलीप महालानबीस तेथे पोहोचले तेव्हा दवाखान्याच्या दोन खोल्यांत जमिनीवर माणसे पडलेली होती, आणि त्यांना सलाइन लावण्यासाठी त्यांच्याच घाणीत गुडघे टेकावे लागत होते. थोड्या दिवसांत सलाइनही संपत आले. तेव्हा कलकत्त्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा लिटरच्या पुड्या बांधून घेण्यात आल्या. छावणीत पिंपांत पाणी कालवावयाचे, पिंपाला तोटी. आणि रोग्याची आई, बहीण, नवरा, जो कोणी जवळ असेल त्याने पेला भरून न्यावयाचा व पाजीत बसावयाचे. सुईवाचून उपचार म्हणजे खोटा उपचार, असे लोकांना आणि कर्मचाऱ्यांनाही वाटे. म्हणून त्याला "तोंडाने घ्यावयाचे सलाइन" असे नाव दिले. नावाने केवढे काम होते पाहा! छावणीत शंभरात तीसपर्यंत गेलेले मृत्यू ह्या उपचाराखालील रोग्यांत ३.६ वर आले. महालानबीस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हयातीत त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकले होते?

बनगावात पाजणाऱ्या बायका होत्या, पण पुडी डॉक्टरांची होती. पुडी नसेल तेथे काय करावयाचे, हा प्रश्न स्वतंत्र बांगलादेशात फजले हसन आबेद ह्यांच्या ब्रॅक संस्थेने हाती घेतला. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे त्यांच्या कार्यकर्त्या मुली गावोगाव मुक्काम करीत घरोघर गेल्या. ओसरीवर बसून त्या आईला शिकवीत: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अर्धा शेर किती, हे आईला कळावे म्हणून तिच्याच घरातल्या भांड्यावर खूण करून देत. आईने ते स्वतः करून दाखवावयाचे आणि चाखून पाहावयाचे. जुलाबात मुलाचे खाणे व अंगावरचे दूध चालू ठेवावे, हेही त्याच बैठकीत सांगितले जाई. महिन्याभराने दुसरी बाई येऊन शिकविलेल्या घरांपैकी काही घरांत आईला काय आठवते ते विचारी, आणि जितके आठवे त्या मानाने शिकविणारीला पगार मिळे. घरे मोजून पगार देण्याची रीत आपण सर्वत्र पाहतो; आईच्या डोक्यात काय राहिले ते मोजून पगार देण्याची ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते.

एवढे असून आरंभी फजिती झाली. आयांना सारे तोंडपाठ. पण मुलाला जुलाब झाले असता हे सरबत देणाऱ्या घरांचे प्रमाण पहिल्या पाहणीत शेकडा सहाच निघाले. का म्हणून खोलात जाता तीन कारणे हाती आली. शिकविणाऱ्या मुलींचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते, ते म्हणत गुळाच्या पाण्याने कोठे रोग जातो? तिसरे कारण मला सर्वांत उद्बोधक वाटते. त्या आयांच्या भाषेतही जुलाबाची चार निराळी नावे होती: अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूधहगा, अपचनाचे अजीर्ण, शेंबेचे आमाशा आणि पाण्यासारखे होणारे ते डायरिया. कार्यकर्त्या "डायरिया" हा शब्द वापरीत. आया तो आपल्या चौथ्या प्रकारापुरता समजत. दूधहग्यासाठी हे औषध आहे, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते! आमच्या आजीला कोणी पटकीचे औषध दिले असते, तर तिने ते दातांच्या जुलाबांना दिले असते का?

संस्थेने मुलींना ढाक्यास नेऊन हे पाणी आतड्यात कसे काम करते ते समजावून दिले, पुरुषांच्या सभा बाजारात व मशिदींत घेतल्या आणि चारही नावे शिकवणीत घातली. दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरे झाली. आज जुलाबाच्या मुलाला क्षाराचे पाणी देणाऱ्या देशांत बांगलादेश अगदी पुढच्या रांगेत आहे.

पाण्याने प्राण वाचला. पण मुलाच्या वाढीचे काय? पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील खन्ना परिसरात १९५० नंतरच्या दशकात खेड्यांचा मोठा अभ्यास झाला. त्यातून १९६३ साली एक गोष्ट ठळकपणे मांडली गेली. अंगावरचे दूध कमी होऊन वरचे अन्न सुरू होण्याचा जो काळ, तोच मुलाला जुलाबाचा सर्वांत घातक काळ असतो. ग्वाटेमालात सांता मारिया काउके ह्या खेड्यात डॉ. लिओनार्दो माता ह्यांनी वर्षानुवर्षे मुलांची वजने घेतली. त्यांच्या आलेखांत प्रत्येक जुलाबाशी एक खळगा दिसतो. एक खळगा भरून येण्याआधी दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. मूल एका आजाराने दगावत नाही, ते झिजत जाते.

पण ह्याचा सगळा बोल आईवरच ठेवणे बरोबर नाही. बांगलादेशात मतलब येथील रुग्णालयात आजारी मुलांचे खाणे मोजले गेले. समोर ठेवलेले इतर अन्न ती मुले नेहमीपेक्षा बरेच कमी खात होती, म्हणजे भूकच मेलेली होती. अंगावरचे दूध मात्र ती पूर्वीइतकेच पीत होती. हे वाचले तेव्हा दूध तोडण्याच्या आपल्या रीतीची किंमत मला कळली. मूल जे एकच अन्न आनंदाने घेते, तेच आपण बंद करीत होतो.

मग शास्त्रज्ञांनी आपल्या पेजेकडेही नजर वळविली. ढाक्याच्या डॉ. मजीद व डॉ. आयेशा मुल्ला ह्या दांपत्याने १९८० नंतर क्षाराच्या पाण्यात ग्लुकोजऐवजी लिटरला ५० ग्रॅम तांदळाचे पीठ शिजवून घातले. पिठूळ भाग आतड्यात हळूहळू फुटून ग्लुकोज देतो; पटकीच्या रोग्यांचे परसाकडे त्याने कमीही झाले. म्हणजे मीठ घातलेली पातळ पेज, दुसरे काय! पुढे तेथेच शिजविलेल्या कच्च्या केळ्याचाही लांबलेल्या जुलाबांत उपयोग दिसून आला. दह्याताकात दुधातली साखर कमी झालेली असते, म्हणून थकल्या आतड्याला ते दुधापेक्षा सोसते. ताकभाताचे मर्म ते हेच.

तरी पेजेचाही एक दोष सांगितलाच पाहिजे. पातळ असली तर तीत पाणीच फार, मुलाचे पोट भरते पण अंगी काही लागत नाही. दाट करावी तर आजारी मुलाच्या घशाखाली उतरत नाही. बडोद्याच्या आहारशास्त्रज्ञ डॉ. तारा गोपालदास ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात ह्यावर काम केले. मोड आणून वाळवून दळलेल्या धान्याचे चमचाभर पीठ दाट लापशीत घातले की ती पाहता पाहता सैल होते, आणि पाणी न वाढवता मुलाला दुप्पट अन्न जाते. आमच्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या बायका होत्याच. त्यांनी हे कोणत्या बडोद्यात शिकले होते?

आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना, पुष्कळशा निरक्षर, आरोग्याचे शिक्षण दिले. साखर-मिठाचे पाणी त्या बायकांनीच घरोघर पोहोचविले. सरकारी पुड्यांना पुढे "जलसंजीवनी" हे सुरेख मराठी नाव मिळाले. मी स्वतः हे शिकले ते १९८४ साली जिल्ह्याच्या गावी बायकांच्या एका शिबिरात. शिकविणाऱ्या परिचारिकेने फळ्यावर लिहिले, "खाणे बंद करू नये." मी वहीत ते उतरून घेतले आणि माझा हात थांबला.

घरी आल्यावर आईला सारे सांगितले. चार चमचे पेजेने कोणतेही मूल दगावत नाही. तो गेला तो अंगातले पाणी आटल्याने. तू जे दिलेस तेच अधिक, आणि आदल्या दिवसापासून द्यावयास हवे होते. ती तांदूळ निवडीत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अळणीच दिली होती मी. मीठ घालायला हवं होतं का गो?" मी म्हटले, "घालायला हवं होतं. पण ते तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं." तिने मान हलविली आणि सूप पुन्हा हातात घेतले. सव्वीस वर्षे तिने हे मनात बाळगले होते, आणि मला सांगावयास दोन मिनिटे लागली.

आता पुन्हा आपल्या आळीत येऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी शेकडा ६०.६ मुलांना जलसंजीवनी मिळाल्याचे दिसते. जस्ताच्या गोळ्या मिळाल्या त्या शेकडा ३०.५ जणांना. ह्या गोळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली केली. दहा ते चौदा दिवस, सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढे २०. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करावयाच्या असतात. पुडी आणाल तर ती सबंध एक लिटर पाण्यात एकदम कालवावी, अर्धी आज अर्धी उद्या असे करू नये. लहान पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापाने. दुकानात गोड पेयांच्या खोक्यांवर तेच इंग्रजी नाव मिरविले जात असे; २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली, तेव्हा नुसत्या नावाला भुलू नये.

पुडी नसेल तर उकळून निवविलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चाखून पाहावे, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ अधिक झाले तर ते अपायकारक आहे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू. पाणी दुसऱ्या दिवशी टाकून नवे करावे. सहा महिन्यांपुढच्या मुलाला खिचडी, ताकभात, केळे, पेजेत चमचाभर तेल किंवा तूप. आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त, कारण मेलेली भूक तेव्हा दुपटीने परत येते आणि खळगा भरून निघतो तो तेव्हाच. डोळे खोल गेले, अश्रू येईनासे झाले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लवकर पूर्ववत होईना, परसाकडे रक्त पडले, किंवा मूल पिईनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता पाजीत पाजीत दवाखाना गाठावा.

त्या नव्या सभासदेच्या घरी लिटरचे माप नव्हते. आम्ही मंडळाच्या मापाने पाणी मोजून तिच्या तांब्याच्या आत, पाणी आले तेथे, खिळ्याने रेघ ओढून दिली. सासूबाई पाहत होत्या. त्यांनी आतून आपल्या थोरल्या सुनेचाही तांब्या आणून पुढे ठेवला. तेव्हापासून आळीतल्या चौदा घरांतल्या तांब्यांवर रेघा झाल्या आहेत. खिळा आणि माप मंडळाच्या कपाटात खालच्या खणात आहे.